घरात हळू आवाजात गाणं: छोटे स्पीकर निवडायचा आणि मांडायचा क्रम

ओळखीतल्या कुणी छोटे स्पीकर घेतले की आठ-पंधरा दिवसांत फोन येतो. बोलणं ठरलेलं असतं: "दुकानात काय सुरेख वाजत होते, घरी आणले तर नुसते घुमतात." नाहीतर, "हळू लावलं की तबला ऐकूच येत नाही, आणि मोठं केलं की पलीकडच्या खोलीत मुलांचा अभ्यास होत नाही." जाऊन बघितलं तर स्पीकर बहुतेक वेळा चांगलेच निघतात, क्रम तेवढा चुकलेला असतो. लोक आधी पेटी घेतात, मग ती मावेल अशी जागा शोधतात, आणि ऐकायला बसायचं कुठे हे सगळ्यात शेवटी ठरतं. हा क्रम पुरता उलटा करायला हवा.

खालचे टप्पे मंद आवाजात ऐकणाऱ्यांसाठी आहेत: सकाळी चहाबरोबर एखादा भैरव, दुपारी शिवणकाम करताना भावगीतं, रात्री जेवणं उरकल्यावर अर्धा-पाऊण तास. स्पीकर नजरेत भरू नयेत, बोलणं थांबवायला लावू नयेत आणि शेजाऱ्याला कळूही नयेत, अशी अपेक्षा धरून लिहिलं आहे. सिनेमा बघायचा असेल किंवा हॉलमध्ये नाच-गाणं करायचं असेल तर हिशेब वेगळा.

## टप्पा १ : आधी माणूस कुठे बसणार ते ठरवा

मोजायची टेप, कागद आणि पेन्सिल घ्या. हॉलचा साधा चौकोन काढा. दारं, खिडक्या, सोफा, दिवाण, टीव्ही, स्विचबोर्ड दाखवा. आता गाणं खरोखर ऐकणारा माणूस जिथे बसतो तिथे फुली करा. पाहुणे बसतात ती जागा सोडा. वडील खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसत असतील तर फुली तिथे.

मग त्या माणसाच्या कानाची जमिनीपासूनची उंची मोजा. सोफ्यावर ती साधारण साडेतीन फूट भरते, खाली सतरंजीवर मांडी घालून बसलं तर अडीच फूट. हा एका फुटाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण स्पीकरच्या वरच्या भागातला छोटा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, आवाज सरळ समोर फेकतो. तो डोक्यावरून गेला की तंबोऱ्याची झळाळी आणि सारंगीचा गज दोन्ही बोथट होतात.

आता फुलीपासून स्पीकर ठेवता येतील अशा जागांपर्यंतचं अंतर मोजा. ते जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि तो भरून काढायला ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून उतार थोडा कमी असतो, पण दिशा तीच. चार फुटांवरचा स्पीकर अगदी हळू लावून भागतं. दहा फुटांवरचा तितकाच ऐकू यावा म्हणून आपण बटण वर नेतो, आणि ती वाढ आधी भिंतींना आणि मग शेजाऱ्यांना मिळते. मंद ऐकण्याचं सगळं गुपित या जवळिकीत आहे. स्पीकर कितीही महाग घ्या, लांब ठेवलात तर तुम्ही तो मोठ्यानेच लावणार.

शेवटी नकाशावर शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत जाड रेघेने दाखवा.

सावधान : त्या भिंतीला स्पीकर टेकवू नका, तिच्यावर ठोकूही नका. स्पीकरच्या पेटीची थरथर हवेपेक्षा भिंतीतून जास्त सहज पलीकडे जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात परिसरातला आवाज दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलच्या आत असायला हवा. आपलं गाणं भिंतीपलीकडे पोहोचेपर्यंत त्याच्या पुष्कळ खाली आलेलं असेल, पण भिंतीतून जाणारा डग्गा पलीकडे झोपलेल्या माणसाला आकड्यापेक्षा जास्त जाणवतो.

## टप्पा २ : जागेचं माप घ्या, खोलीसकट

जागा ठरली की लांबी, रुंदी आणि आतली खोली लिहून ठेवा. इथे बहुतेकांचं चुकतं. शोकेसचा कप्पा दहा इंच खोल आणि स्पीकरही दहा इंच खोल म्हणजे झालं, असं धरतात. मागून वायर बाहेर येते, प्लग बाहेर येतो, त्यांना वळायला दोन-तीन इंच लागतात. दहा इंचांच्या कप्प्यात सात इंची स्पीकर बसतो.

यापुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुष्कळ छोट्या स्पीकरांना एक गोल भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. आतली हवा तिथून ये-जा करते आणि खालचे सूर थोडे भरदार होतात. हे भोक मागच्या बाजूला असेल आणि तुम्ही स्पीकर कप्प्यात मागे सरकवलात, तर भोकातून येणारा आवाज त्या लाकडी खोक्यात कोंडतो. पुरुषी गळ्याचा खालचा भाग पिंपातून बोलल्यासारखा येतो. आमच्या घरी हेच झालं होतं. टीव्हीशेजारच्या कप्प्यात स्पीकर बसवले, दिसायला नीटनेटके होते, आणि महिनाभर बाबा गाणं लावायचेच टाळत होते. कारण विचारलं तर म्हणाले, "डोकं जड होतं." स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढले, मागच्या भोकात पायमोज्याची सैल गुंडाळी बसवली, तेव्हा त्याच पेट्यांतून शब्द सुटे ऐकू यायला लागले.

म्हणून जागेप्रमाणे पेटी ठरवा:

बंद कप्पा किंवा कोनाडा असेल तर भोक नसलेली बंद पेटी, नाहीतर पुढे भोक असलेली.

भिंतीलगतचं टेबल किंवा मोकळी फळी असेल तर बंद पेटी सगळ्यात निर्धास्त. मागे भोक असलेलीही चालेल, पण भिंतीपासून निदान पाच-सहा इंच सोडता यायला हवेत.

दोन भिंतींचा कोपरा शक्यतो टाळा. भिंत खालचे सूर वाढवते आणि कोपरा ते आणखी वाढवतो. सगळेच सूर सारखे वाढले असते तर फायदा झाला असता. पण एखाददुसराच सूर फुगतो आणि बाकीचे मागे राहतात.

तपासा : ठरवलेल्या जागी स्पीकरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं दोन दिवस ठेवून द्या. झाडताना, पुसताना, खिडकी उघडताना, देवघराकडे जाताना मध्ये येतं का बघा. घरातल्यांची कुरकुर खोक्यावर निघून जाऊ दे, विकत घेतलेल्या वस्तूवर नको.

## टप्पा ३ : तुमच्या गाण्याला किती खाली उतरावं लागतं?

छोट्या पेटीत खर्ज नसतो, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा घ्या. त्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. तीन इंची पडद्याचा, म्हणजे मागेपुढे हलून आवाज काढणाऱ्या गोल भागाचा, स्पीकर तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. तरी त्याच्यावर तंबोरा तंबोऱ्यासारखाच वाजतो, कारण जवारी (तार घोडीवर टेकते तिथली जुळणी) चांगली असेल तर त्या एका तारेतून वरचे कितीतरी स्वर सुटतात. पाचवा असतो तो स्वयंभू गांधार, साधारण ३४६ हर्ट्झचा. तो कुठल्याही छोट्या स्पीकरच्या आवाक्यात आहे. वरचे स्वर शाबूत असले की खालचा मूळ सूर आपलं मनच जुळवून घेतं. त्यामुळे तंबोरा, गळा, हार्मोनियम, बासरी, सतार, व्हायोलिन यांच्यासाठी चांगली छोटी पेटी पुरते.

अडतो तो डग्गा. मनगट दाबून काढलेली घुमक जवळजवळ सगळी खालच्या सुरात असते, तिला वरच्या स्वरांचा आधार कमी. पखवाज आणि ढोलकीच्या धुमाचंही तेच. खालचा सूर वाजवायला हवा जास्त हलवावी लागते. सूर अर्ध्यावर आला की तितक्याच आवाजासाठी पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. छोटा पडदा तेवढा हलू शकत नाही. ठोकळमानाने असं धरा: दोन इंची पडदा बोलणं आणि बातम्यांसाठी, तीन इंची भावगीतं आणि ख्यालासाठी, चार इंची तबला मनापासून ऐकणाऱ्यांसाठी, आणि भजनाचा पखवाज किंवा सिनेसंगीतातला मोठा वाद्यवृंद जिव्हाळ्याचा असेल तर पाच इंची. चारनंतरच्या प्रत्येक इंचाला शोकेसमधली जागा बरीच लागते, हे टप्पा २ मधल्या मापांशी ताडून बघा.

हळू ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. हा दोष स्पीकरचा नाही, आपल्या कानाची घडणच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलेली ही गोष्ट आजही लोक दुकानात विसरतात. "हळू लावलं की डग्गा गायब होतो" या तक्रारीचं कारण हेच. त्यावर उपाय दोन. एक, बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) वेगळे फिरवता येतील असा स्पीकर घ्या आणि मंद ऐकताना बेस थोडा चढवा. दोन, 'लाउडनेस' नावाचं बटण असेल तर ते नेमकं याचसाठी असतं. मोठ्याने लावताना मात्र बंद करायला विसरू नका.

## टप्पा ४ : गाणं कोण लावणार?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि घेतलेला स्पीकर धूळ खात पडतो तो बहुधा यामुळेच. मुलगा ब्लूटूथचा स्पीकर आणतो, स्वतःच्या फोनला जोडतो आणि सकाळी ऑफिसला जातो. गाणं त्याच्याबरोबर जातं. घरात उरलेल्या आजीसमोर एक काळी नळकांडी असते आणि तिला हात लावायची भीती वाटते.

ऐकणारी व्यक्ती साठीपुढची असेल तर हाताला लागणारं, फिरवता येणारं बटण हवंच. चालू-बंद समोरून करता यायला हवं. रेडिओ, पेन ड्राइव्ह किंवा घरात पडून असलेला जुना फोन कायमचा वायरने जोडून ठेवता आला तर उत्तम, कारण वायर जोडलेली विसरत नाही. आधीच गाणी भरलेली, कारवाँसारखी पेटी घरात असेल तर तीही वायरने या स्पीकरांना जोडता येते का ते बघा. तिच्यावर हात बसलेला असतो, आणि आवाज नव्या स्पीकरांतून येतो.

टीव्हीचा आवाजही याच स्पीकरांतून घ्यायचा असेल तर वायर लावा. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि बातमीदाराचे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे होतात. नुसत्या गाण्याला हा उशीर जाणवत नाही.

## टप्पा ५ : आता प्रकार ठरवा

वरची चार उत्तरं कागदावर असतील तर हा टप्पा दहा मिनिटांचा आहे.

एकच पेटी: स्वयंपाकघर, झोपायची खोली, किंवा माणूस घरभर फिरत ऐकत असेल तर. डावं-उजवं मिळत नाही, पण फिरणाऱ्याला ते तसंही मिळत नाही. शिवाय आपल्याकडच्या जुन्या नाट्यगीतांची आणि भावगीतांची पुष्कळ मुद्रणं मुळातच एकमार्गी, म्हणजे मोनो आहेत. ती एका चांगल्या पेटीवर पूर्ण ऐकू येतात.

अंगचा ॲम्प्लिफायर असलेली जोडी: एका पेटीत सगळी यंत्रणा, दुसरी वायरने जोडलेली, प्लग एकच. बहुतेक फ्लॅटमधल्या हॉलसाठी मी हाच सल्ला देतो. बटणं समोर असलेली बघा. मागे असतील तर कप्प्यात हात जात नाही.

साधी जोडी आणि वेगळा ॲम्प्लिफायर: घरात ॲम्प्लिफायर आधीच असेल, किंवा स्पीकर पंधरा-वीस वर्षं टिकवायचे असतील तर. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण दोन पेट्या, एक डबा आणि वायरी मिळून नजरेआड ठेवणं अवघड जातं.

आणि तीनही प्रकारांना एकच सूचना. वेगळा वूफर, म्हणजे जमिनीवर ठेवायचा तो मोठा डबा, फ्लॅटमध्ये मंद ऐकण्यासाठी घेऊ नका. त्याचा आवाज लादीतून थेट खालच्या घरी उतरतो.

## टप्पा ६ : खोक्यावरचे आकडे वाचा, पण नीट

पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असं लिहून हजारांतला आकडा छापला असेल तर तो वाचूच नका. वॉट बघायचे ते आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, म्हणून दिलेले.

किती हवेत? हिशेब करून बघू. एका छोट्या स्पीकरची संवेदनशीलता ८५ डेसिबल आहे, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो ८५ डेसिबल आवाज देतो. दोन मीटरवर ते ७९ झाले. आपल्याला नेहमीच्या बोलण्याइतका, ६५ डेसिबल आवाज हवा. म्हणजे १४ डेसिबल कमी, म्हणजे वॉटचा साधारण पंचविसावा भाग. सम जोरात आली, तान वर गेली, झांज वाजली, तरी तीन-चार वॉटांत काम होतं. प्रत्येक बाजूला १५ ते २० वॉट आरएमएस असले की या कामासाठी भरपूर झाले. ५० आणि १०० मधल्या फरकासाठी पैसे मोजू नका. तेच पैसे बरी पेटी आणि मोठा पडदा यांच्यावर घाला.

वजनही बघा. सारख्या मापाच्या दोन पेट्यांत जड असलेली सहसा जास्त भक्कम असते. बोटाच्या पेराने बाजूवर टकटक करा. पोकळ डब्यासारखा आवाज आला तर गाण्यातही तो मिसळणार.

## टप्पा ७ : दुकानात हळू वाजवून बघा

हाच टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून सावकाश वाचा. दुकानदार स्पीकर मोठ्याने लावून दाखवतो, ढण्ढण् वाजणारं गाणं लावतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. घरी आपण त्याच्या दशांशाने ऐकणार. म्हणजे जी परीक्षा घेतली ती आपल्या उपयोगाची नाही. नम्रपणे सांगा, "अगदी हळू लावा, आपण दोघं बोलू शकू इतकं." गर्दी नसलेली वेळ गाठा, बहुधा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या.

घरून निघताना फोनमध्ये चार गोष्टी घेऊन जा, इंटरनेटवर विसंबू नका: नुसता तंबोरा, तुमच्या पाठ असलेली एक जुनी मोनो बंदिश किंवा भावगीत, एकल तबला, आणि बातम्यांतला पुरुषाचा आवाज. मग या क्रमाने जा.

१. काहीच न लावता स्पीकर चालू करा आणि तीन फुटांवर कान न्या. सस्स् असा आवाज ऐकू येतो का? दुकानात पंख्याच्या आवाजात तो लपतो, घरी रात्री साडेदहाला लपणार नाही. अंगचा ॲम्प्लिफायर असलेल्या स्वस्त जोड्यांत हा दोष नेहमी आढळतो.

२. आवाज शून्यावरून एक पायरी वाढवा. पहिल्याच पायरीला आवाज मोठा झाला तर तो स्पीकर तुमचा नाही. शून्य आणि तुमचा नेहमीचा आवाज यांच्यामध्ये निदान सात-आठ पायऱ्या हव्यात.

३. फिरवायचं बटण असेल तर ते अगदी खाली ठेवून मोनो गाणं ऐका. गायक दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध उभा वाटायला हवा. तो एका बाजूला सरकला आणि आवाज वाढवल्यावर मध्ये आला, तर खालच्या टोकाला बटण दोन्ही बाजूंना सारखं नाही. मोठ्याने ऐकणाऱ्याला हा दोष कधी कळतही नाही, मंद ऐकणाऱ्याला रोज छळतो.

४. तंबोरा लावा. गुंजन सलग यावं. मध्येच एक सूर फुगत असेल, किंवा तारेच्या झणकाराला पत्र्याची कड येत असेल तर सोडून द्या.

५. तबला. चाटेवरचा 'ना' टोकदार हवा, पण कानाला टोचायला नको. डग्गा हळू आवाजात किती उरतो ते बघा, मग बेस चढवून पुन्हा बघा. घुमक वर-खाली सरकताना स्वर कळला पाहिजे. नुसता 'धप्प' ऐकू आला तर तो स्पीकरचा स्वतःचा आवाज आहे.

६. बातम्या. 'स', 'श', 'च' नीट वेगळे कळतात का? छाती फुगल्यासारखा आवाज येतो का?

७. शेवटी हळू आवाजात वीस मिनिटं तसंच चालू ठेवा. काही स्पीकर वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपतात आणि फार हळू वाजणारं गाणं त्यांना शांतताच वाटते. ख्यालाच्या आलापीत स्पीकर बंद पडला की चिडचिड होते. ही सोय बंद करता येते का ते तिथेच विचारा.

सावधान : दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. परत घेण्याची मुदत आणि अटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

## टप्पा ८ : घरी जोडणी

प्लग लावण्याआधी सगळ्या वायरी जोडा, वीज शेवटी. साध्या जोडीला लाल ते लाल, काळं ते काळं, दोन्ही बाजूंना. एका बाजूला उलटं झालं तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खालचा आवाज नाहीसा होतो आणि गायक खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. मोनो गाणं लावून तपासा. पसरट वाटलं तर एकाच स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत गळा मधोमध आणि भरीव येतो ती बरोबर. वायरचं टोक सोलताना एकही तांब्याची तार शेजारच्या कळीला (वायर अडकवायच्या जागेला) शिवणार नाही हे बघा, त्याने ॲम्प्लिफायर जळू शकतो.

फोन वायरने जोडला असेल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवर करा. उलट केलंत तर गाणं हळू आणि खरखर मोठी, असं होतं. वर सांगितलेलं झोपणंही त्यामुळेच वाढतं.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणायला लागला तर बिघाड स्पीकरमध्ये शोधू नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असा आवाज येतो, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर सहसा येत नाही.

## टप्पा ९ : जागेवर बसवणं

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. चार फुटांवर बसत असाल तर दोघांत साडेतीन-चार फूट. हॉलच्या दोन टोकांना एकेक ठेवू नका, मध्ये खड्डा पडतो. तोंड थोडं ऐकणाऱ्याकडे वळवा. खाली बसून ऐकत असाल आणि स्पीकर वरच्या फळीवर असतील तर मागच्या बाजूखाली लाकडी पाचर सरकवून त्यांना पुढे झुकवा. सोफा उंच आणि टेबल ठेंगणं असेल तर पाचर पुढच्या बाजूखाली.

प्रत्येक स्पीकरखाली जुन्या योगा मॅटचे चार तुकडे ठेवा. फळी थरथरायची थांबते. नंतर तबला थोडा मोठा लावून घरभर फिरा आणि कान द्या. शोकेसची सरकती काच, आतले चषक, भिंतीवरच्या तसबिरी, खिडकीची सैल जाळी, यातलं काहीतरी खुळखुळताना सापडतंच. लोक त्याला स्पीकर फाटला म्हणतात. काचेला मऊ पट्टी चिकटवली की काम होतं.

घुमणं अजून राहिलं असेल तर या क्रमाने, एका वेळी एकच बदल करा: स्पीकर भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, मग मागचं भोक हलकेच भरा, मग खुर्ची मागच्या भिंतीपासून एक फूट पुढे घ्या, आणि सगळ्यात शेवटी बेस कमी करा. लोक शेवटचं आधी करतात आणि चांगला स्पीकर किरटा करून ठेवतात.

क्रोशाचा रुमाल घालायची हौस असेल तर पेटीच्या वर घाला, पुढून लोंबू देऊ नका. ट्वीटरवर कापड आलं की आवाजाला सर्दी होते. मागे किंवा वर गार राहण्यासाठी जाळी असेल तर वरही नको. स्पीकरवर फुलदाणी, समई, उदबत्तीचं घर ठेवू नका. पाणी आणि तेल आत गेलं की दुरुस्ती महाग पडते, आणि धुराचा थर पडद्यावर बसतो तो पुसता येत नाही.

भिंतीवर टांगायचे असतील तर आधी भिंत कशाची आहे ते विचारा. नव्या इमारतींत हलक्या सिमेंटच्या ब्लॉकांच्या भिंती असतात, त्यांत स्क्रू धरणारी नेहमीची गिट्टी काही महिन्यांत सैल होते. त्या ब्लॉकांसाठी वेगळी गिट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात ब्लॉकची भिंत आहे असं स्पष्ट सांगा. वायर गिलाव्यात पुरू नका, केसिंग पट्टीतून न्या, पुढेमागे जागा बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही.

## टप्पा १० : पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर खरेदीच्या वेळीच पडद्याभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची कड घ्या. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत पिठासारखी झडते. खारी हवा मागच्या कळ्यांना हिरवा गंज चढवते, तो आला की आवाज मध्येच तुटतो आणि वायर हलवली की परत येतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लग काढा, वायरी सोडवा, कळ्या आणि तारांची टोकं कोरड्या कापडाने पुसा, काळी पडलेली टोकं कापून नव्याने सोला आणि घट्ट बसवा. खिडकीतून पावसाचे तुषार येतात ती जागा असेल तर चार महिने स्पीकर दोन फूट आत घ्या. आणि रोज अर्धा तास तरी ते चालू ठेवा. पावसात बंद कपाटात ठेवलेल्या स्पीकरांच्या पडद्यावर बुरशी मी पाहिली आहे, रोज वाजणाऱ्यांच्या पडद्यावर अजून पाहिलेली नाही.